हातात किती येणार? पगार, कपात आणि सीटीसीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफर लेटर आलं की, किंवा पहिली पगार-स्लिप बघून धक्का बसला की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातल्या खासगी नोकरीची आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांनी प्रश्न २१ पाहावा. आयकराचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून अगदी रूढ झालेले सोडून बाकीचे क्रमांक टाळले आहेत.

१. पॅकेज सहा लाखांचं आहे. मग महिन्याला पन्नास हजार का येत नाहीत?

कारण सीटीसी हा तुमचा पगार नव्हे. तुमच्यापायी कंपनीला वर्षाला जो एकूण खर्च येतो, तो म्हणजे सीटीसी. कंपनीने भरायचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी) बाजूला काढलेली रक्कम, गटविम्याचा हप्ता आणि मिळाला तर मिळाला असा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार बदलणारा पगार, हे सगळं त्यात धरलेलं असतं. ते वजा करून उरतो तो ग्रॉस पगार. ग्रॉसमधून तुमचा पीएफ, प्रोफेशनल टॅक्स आणि टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) कापून खात्यात जमा होतं ते नेट, म्हणजेच इन-हँड.

बहुतेकांचा अंदाज पहिल्याच टप्प्यावर फसतो. ग्रॉसमधली कपात निदान स्लिपवर दिसते. सीटीसीतून ग्रॉसपर्यंत येताना जे गळतं, ते स्लिपवर बहुधा येतच नाही.

२. एकदा आकडे मांडून दाखवा ना. सहा लाखांत नेमके किती हातात येतात?

बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, सीटीसीच्या निम्मं, म्हणजे महिना २५,००० धरू. पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात असं समजू. वर्षभरात कंपनीचा पीएफ ३६,०००, ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे १४,४३०, गटविमा ६,००० आणि व्हेरिएबल ३०,०००. शेवटचे दोन आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, ते प्रत्येक कंपनीत वेगळे असतात. हे ८६,४३० वजा केले की ग्रॉस ५,१३,५७० उरतो, महिन्याला साधारण ४२,८००. त्यातून तुमचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. आयकर शून्य, तो का, हे प्रश्न ११ मध्ये आहे. हातात सुमारे ३९,६००.

आता एकच गोष्ट बदलू. कंपनी पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० रुपयांच्या मर्यादेवर कापते. मग दोन्ही बाजूंचा पीएफ १,८०० होतो आणि हातात सुमारे ४२,००० येतात. पॅकेज तेच, बेसिक तेच, तरी महिन्याला २,४०० रुपयांचा फरक. दोन मित्र "तुला सहा लाखांत किती मिळतात?" असं एकमेकांना विचारून जे गोंधळतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ज्याच्या हातात कमी येतात त्याचे ते २,४०० बुडालेले नसतात, पीएफकडे वळलेले असतात.

३. ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला काय विचारू?

महिन्याचं ब्रेकअप मागा. ते मिळालं नाही तर किमान तीन गोष्टी: बेसिक किती, पीएफ पूर्ण बेसिकवर की १५,००० वर, आणि व्हेरिएबल किती व कधी देतात. एवढं कळलं की बाकीचा हिशोब प्रश्न २ प्रमाणे घरी बसून होतो. "साधारण इन-हँड सांगा" म्हटल्यावर जिथे टाळाटाळ होते, तिथे मी तरी व्हेरिएबल शून्य धरूनच तुलना करायला सांगतो. पगारपत्रक बनवणाऱ्याला हा आकडा काढायला दोन मिनिटं पुरतात.

फूड कार्डावर येणारी रक्कमही विचारून घ्या. ती पगारात मोजतात, पण बँकेत येत नाही. घरभाड्याचा आणि हप्त्यांचा हिशोब बसवताना ती धरू नका.

४. पीएफ बारा टक्के म्हणतात, मग काहींचा ठरलेला १,८०० रुपयेच का कापतात?

बारा टक्के बेसिक आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर असतात, ग्रॉसवर नाही. कायद्याने ज्या पगारापर्यंत पीएफ भरणं सक्तीचं आहे ती मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे. त्याचे बारा टक्के म्हणजे १,८००. बेसिक त्याहून जास्त असेल तर पूर्ण बेसिकवर भरायचं की मर्यादेवर, हे कंपनीच्या धोरणावर अवलंबून असतं. काही कंपन्या रुजू होतानाच पर्याय विचारतात. तो प्रश्न घाईत "काहीही चालेल" म्हणून सोडू नका. नंतर बदलायला अनेक ठिकाणी नकार मिळतो.

५. कंपनीचा वाटाही माझ्याच सीटीसीतून का? हे कायदेशीर आहे का?

पॅकेजचा आकडा सांगताना कंपनीने आपला खर्च त्यात धरणं ही रूढ पद्धत आहे, तिला अडकाठी नाही. पण मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापून घेता येत नाही, हे पीएफ योजनेत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून स्लिप नीट वाचा. कपातीच्या रकान्यात पीएफ एकदाच आणि फक्त तुमचा असायला हवा. ठरलेल्या ग्रॉसमधून "पीएफ कर्मचारी" आणि "पीएफ मालक" अशा दोन ओळी वजा होत असतील, तर ते चूक आहे. छोट्या कंत्राटदारांकडे हा प्रकार अधूनमधून दिसतो. काही कंपन्या स्लिपवर मालकाचा वाटा आधी मिळकतीत दाखवून मग कपातीत दाखवतात. तिथे आकडे एकमेकांना काटतात, नुकसान होत नाही.

६. पासबुकात कंपनीचा वाटा माझ्याहून कमी दिसतो. पैसे कुठे गेले?

पेन्शन योजनेत. कंपनीच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेकडे जातात, पण १५,००० च्या मर्यादेमुळे जास्तीत जास्त १,२५०. प्रश्न २ मधल्या उदाहरणात कंपनीच्या ३,००० पैकी १,२५० पेन्शनला आणि १,७५० पीएफ खात्यात. पेन्शनच्या रकमेवर पीएफसारखं व्याज जमा होत नाही, तिचं पुढे सूत्राने पेन्शन ठरतं.

याला अपवाद आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच पीएफचा सभासद झाला आणि त्याच वेळी ज्याचा पीएफसाठीचा पगार १५,००० च्या वर होता, तो पेन्शन योजनेत येत नाही. त्याचे कंपनीकडचे सगळे पैसे पीएफ खात्यातच जायला हवेत. अशा कुणाच्या पासबुकात पेन्शनचे १,२५० दिसत असतील, तर कंपनीने नोंद चुकीची केली आहे. ती निवृत्तीच्या वेळी उकरण्यापेक्षा आत्ताच दुरुस्त करून घ्या.

७. मला पीएफ नकोच आहे. तेवढे पैसे पगारातच द्या, असं सांगता येतं का?

आयुष्यात कधीच पीएफचा सभासद नसाल आणि रुजू होताना पीएफसाठीचा पगार १५,००० हून जास्त असेल, तर फॉर्म ११ भरून बाहेर राहता येतं. एकदा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) निघाला आणि खात्यात पैसे पडले की ही वाट बंद. मधल्या मार्गाने १,८०० वर राहता येतं का, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

माझं मत विचाराल तर पहिल्या नोकरीत ही घाई करू नये. या खात्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालं. तेवढं देणारी आणि हात न लावता वाढणारी जागा बाविसाव्या वर्षी स्वतःहून शोधणारे फार थोडे.

८. प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये असतो ना? मग फेब्रुवारीत ३०० का कापले?

हा कर राज्याचा, आणि राज्यघटनेने त्याला माणशी वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. अकरा महिने २०० प्रमाणे २,२०० होतात, उरलेले ३०० महाराष्ट्रात फेब्रुवारीत घेतात. चूक झालेली नाही.

पुरुषांना महिना ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५ आणि त्यापुढे २००. स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पूर्ण माफी आहे, त्यापुढे २००. त्यामुळे एक गंमत होते. एखादीचा पगार २४,९०० वरून २५,०५० झाला तर वाढ १५० ची आणि कर २०० चा, म्हणजे हातात ५० रुपये कमी. पगार या काठावर असेल तर वाढ थोडी मोठी मागा.

वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना हा कर माफ आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र पगार विभागाकडे दिलेलं नसेल तर कपात सुरूच राहते. बदली होऊन दिल्ली किंवा हरियाणात गेलात तर हा करच नाही. कर्नाटकात २५,००० पर्यंत नाही.

९. ईएसआय कापतात. पगार वाढून २१,००० च्या वर गेला तरी कपात थांबली नाही, असं का?

ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) वर्षात दोन टप्पे असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. टप्प्याच्या सुरुवातीला तुम्ही २१,००० च्या आत असाल तर मध्ये पगार वाढला तरी टप्पा संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. जुलैत वाढ झाली तर ऑक्टोबरपासून सुटका. अपंग कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा २५,००० आहे.

कामगाराची वर्गणी ०.७५ टक्के, मालकाची ३.२५ टक्के. २१,००० वर तुमचे जेमतेम १५८ रुपये जातात. त्याबदल्यात घरच्यांसह उपचार आणि आजारपणात पगाराचा काही भाग मिळतो. म्हणून "सुटका" शब्द जपूनच वापरावा. वर्गणी थांबली की हातात दीडशे रुपये जास्त येतात आणि काही काळाने दवाखान्याचं कार्ड जातं. कंपनीचा गटविमा नसेल तर त्याच महिन्यात स्वतःचा विमा बघा.

१०. जून आणि डिसेंबरच्या स्लिपवर २५ रुपये कापलेले दिसतात. कसले?

महाराष्ट्र कामगार कल्याण निधीचे. वर्षातून दोनदा, तुमचे २५ आणि मालकाचे ७५. मार्च २०२४ च्या आधी हे १२ आणि ३६ होते, म्हणून जुन्या स्लिपशी जुळत नाहीत.

११. टीडीएस कसा काढतात? मला किती कर बसेल?

कंपनी तुमचा पूर्ण वर्षाचा पगार अंदाजाने मांडते, त्यावरचा वर्षाचा कर काढते आणि उरलेल्या महिन्यांत विभागते. म्हणजे या महिन्याचा टीडीएस हा फक्त या महिन्याच्या पगारावरचा कर नसतो.

आयकर मोजायच्या दोन प्रणाली आहेत, जुनी आणि नवी (निवड कशी करायची ते प्रश्न १३ मध्ये). नव्या प्रणालीत ग्रॉसमधून आधी ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. उरलेल्या उत्पन्नावर ४ लाखांपर्यंत शून्य, ८ पर्यंत ५ टक्के, १२ पर्यंत १०, १६ पर्यंत १५, २० पर्यंत २०, २४ पर्यंत २५ आणि पुढे ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए च्या सवलतीने हा कर पूर्ण माफ होतो. म्हणून उत्पन्न फक्त पगाराचं असेल आणि ग्रॉस १२,७५,००० पर्यंत असेल तर कर शून्य.

ग्रॉस १५ लाख असेल तर: करपात्र १४,२५,०००, कर ९३,७५०, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ९७,५००. महिन्याला ८,१२५. कंपनीचा पीएफचा वाटा यात धरत नाहीत. पीएफ, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि सुपरअॅन्युएशन (कंपनीचा निवृत्ती निधी) मिळून कंपनी वर्षाला साडेसात लाखांहून जास्त भरत असेल तरच वरच्या रकमेवर कर लागतो.

पॅन दिलेला नसेल तर मात्र करपात्र पगारावर किमान २० टक्क्यांनी कपात होते. नव्याने लागलेल्यांपैकी दरवर्षी कुणीतरी हा फटका खातोच.

१२. पगार १२.७५ लाखांच्या थोडा वर गेला तर एकदम साठ हजार कर लागेल का?

नाही. त्यासाठी सीमांत सवलत आहे: करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या जेवढं वर, कर त्याहून जास्त नाही. पगार १३ लाख असेल तर करपात्र १२,२५,०००. दरांप्रमाणे कर ६३,७५० होतो, पण घेतात २५,०००. त्यावर उपकर धरून २६,०००. थोडक्यात, वाढलेले २५,००० तर गेलेच, वर हजार रुपये पदरचे. करपात्र उत्पन्न सुमारे १२,७०,६०० होईपर्यंत हे असंच चालतं. या पट्ट्यात पगारवाढ मिळत असेल तर ती रोख घेण्याऐवजी कंपनीकडून एनपीएसमध्ये भरून घेता येते का ते विचारा. बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत ती वजावट नव्या प्रणालीतही मिळते.

आणखी एक. शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या, ज्यांना वेगळा दर लागतो अशा उत्पन्नावर ८७ए ची सवलत नव्या प्रणालीत चालत नाही. टीडीएस शून्य होता म्हणून कर शून्य, असं तिथे समजू नका.

१३. जुनी प्रणाली घेऊ की नवी?

भावनेवर न जाता बेरीज करा. १५ लाख ग्रॉसचंच उदाहरण: जुन्या प्रणालीत कर तेवढाच यायला ५०,००० ची प्रमाणित वजावट सोडून आणखी ५,४३,७५० च्या वजावटी लागतात. ८०सी चे (पीएफ, विमा अशा गुंतवणुकीच्या वजावटीचे) दीड लाख आणि गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख धरले तरी जवळजवळ दोन लाख कमी पडतात. ते भरून काढायला मोठं घरभाडं हवं. म्हणून मुंबई-पुण्यात भाड्याने राहून गावाकडच्या किंवा दुसऱ्या शहरातल्या घराचं कर्ज फेडणारे सोडले, तर बहुतेकांना नवीच सोयीची पडते. फक्त कर वाचवायला नको असलेली विमा पॉलिसी घेण्याचं कारण आता उरलेलं नाही, हे एजंटाला सांगायला हरकत नाही.

कंपनीला काहीच कळवलं नाही तर नवी धरतात. धंद्याचं उत्पन्न नसेल तर विवरणपत्र भरताना निवड बदलता येते, पण जुनी हवी असेल तर ते मुदतीत भरावं लागतं.

१४. घरभाड्याची वजावट किती मिळते? पुणे मेट्रो आहे का?

ही वजावट फक्त जुन्या प्रणालीत. तीन रकमा काढा: मिळालेला घरभाडे भत्ता; दिलेलं भाडं वजा बेसिकचे १० टक्के; आणि बेसिकचे ५० किंवा ४० टक्के. सर्वांत लहान रक्कम करमुक्त. २०२५-२६ साठी मुंबई ५० टक्क्यांत आहे, पुणे, नाशिक, नागपूर ४० मध्ये. पुण्यात मेट्रो धावते, पण आयकराच्या यादीतली मेट्रो वेगळी. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. आई-वडिलांना भाडं देता येतं, मात्र पैसे खरोखर त्यांच्या खात्यात जायला हवेत आणि त्यांनी ते उत्पन्नात दाखवायला हवेत.

१५. वर्षभर पगार ठीक होता, फेब्रुवारी-मार्चमध्ये एवढा कमी का आला?

बहुतेक वेळा पुरावे दिले नाहीत म्हणून. एप्रिलमध्ये "८०सी मध्ये दीड लाख गुंतवणार" असं सांगितलंत, कंपनीने त्यावर विश्वास ठेवून कर कमी कापला, आणि जानेवारीत पावत्या आल्या नाहीत. मग २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ३१,२०० रुपये शेवटच्या दोन-तीन महिन्यांत वसूल होतात. नव्या प्रणालीत हा प्रसंग क्वचित येतो. तिथे कारण बहुधा वर्षाच्या शेवटी मिळालेला बोनस किंवा थकबाकी असते (प्रश्न १७).

मुदत ठेवीवर बँकेने कर कापला असेल तर ते कंपनीला कळवून पगारातला टीडीएस तेवढा कमी करून घेता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी फॉर्म १२बीएए आहे. फारसं कुणी वापरत नाही.

१६. वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली. दोन्हीकडे टीडीएस शून्य आला. चांगलंच झालं ना?

नाही, हे जुलैत महागात पडतं. समजा एप्रिल ते सप्टेंबर महिना एक लाख मिळाले आणि ऑक्टोबरपासून नव्या जागी दीड लाख. पहिल्या कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले, वजावटीनंतर सवलतीत बसले, कर शून्य. दुसरीला आधीचा पगार सांगितलाच नाही, तिने सहा महिन्यांचे ९ लाख धरले, तिथेही शून्य. प्रत्यक्षात वर्षाचे झाले १५ लाख, आणि कर ९७,५००. दोघांनीही तुम्हाला प्रमाणित वजावट, शून्याचा टप्पा आणि सवलत दिली; कायद्याने ती वर्षाला एकदाच आहे. विवरणपत्र भरताना ही रक्कम स्वतःच्या खिशातून, व्याजासह भरावी लागते.

उपाय सोपा आहे. रुजू होतानाच फॉर्म १२बी मध्ये जुना पगार आणि टीडीएस कळवा. मग नवी कंपनी महिन्याला १६,२५० कापेल. इन-हँड अपेक्षेपेक्षा कमी दिसेल, म्हणून नव्या नोकरीतल्या पहिल्या सहा महिन्यांचा आकडा कायमचा समजू नका. एप्रिलपासून तो बदलतो.

१७. दिवाळी बोनसवर एवढा कर का कापला?

बोनस, व्हेरिएबल, इन्सेंटिव्ह हे सगळं पगारच आहे, वेगळा दर नाही. पण तो तुमच्या उत्पन्नाच्या वरच्या टोकाला बसतो, म्हणून त्यावर वरचाच दर लागतो. १५ टक्क्यांच्या टप्प्यात एक लाखाचा बोनस मिळाला तर १५,६०० जातात, आणि अनेक कंपन्या ते त्याच महिन्यात कापतात. पुढच्या महिन्यापासून टीडीएस पूर्ववत होतो.

महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस असतो. काही मालक तो दरमहा पगारातच आगाऊ देतात. मग दिवाळीला हाती काही येत नाही. ऑफर बघताना हे विचारून ठेवा.

१८. ग्रॅच्युइटी सीटीसीत दाखवतात. पाच वर्षांआधी सोडलं तर ते पैसे कुणाचे?

कंपनीचेच राहतात. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हक्क येत नाही. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही. मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या श्रमसंहितेत (प्रश्न १९) एका वर्षानंतर हक्क आहे. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याने पॅकेजची तुलना करताना ही ओळ सरळ खोडावी. मिळते तेव्हा सूत्र असं: शेवटचा बेसिक व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. २० लाखांपर्यंत करमुक्त.

१९. नव्या श्रमसंहितांमुळे इन-हँड कमी होणार, असं ऐकलं. खरं का?

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या अशी, की घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता वगैरे वगळलेले भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. बेसिक तीस टक्क्यांवर ठेवून बाकी भत्त्यांत दाखवण्याची पळवाट त्यामुळे अरुंद झाली.

पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असतील तर कपात वाढत नाही. पूर्ण बेसिकवर कापत असतील आणि बेसिक आधी कमी होतं, तर पीएफ वाढेल आणि हातात कमी येईल. बेसिक कमी असलेल्या सगळ्यांना जाणवेल ती ग्रॅच्युइटी. १२ लाखांच्या सीटीसीत बेसिक ३० टक्के होतं तेव्हा तिच्या नावे वर्षाला १७,३१६ धरत. वेतन ५० टक्के झालं की २८,८६०. पॅकेज तेच ठेवलं तर महिन्याला सुमारे ९६० रुपये ग्रॉसमधून सरकतात. बेसिक आधीपासूनच निम्मं असेल, तर तुमच्या स्लिपवर काही हलणार नाही.

२०. बिनपगारी रजेचे पैसे कसे कापतात? आणि सोसायटीचा हप्ता धरून एकूण किती कापता येतं?

दिवसाचा दर काढताना कुणी महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागतं, कुणी ३० ने, कुणी २६ ने. ४२,८०० ग्रॉसवर एका दिवसाचे अनुक्रमे १,३८१ (३१ दिवसांचा महिना), १,४२७ आणि १,६४६ होतात. कंपनीची पद्धत वर्षभर एकच असावी, एवढं तरी बघा. रजेने बेसिक घटलं की पूर्ण बेसिकवरचा पीएफही घटतो, प्रोफेशनल टॅक्स सहसा तसाच राहतो.

पतसंस्थेचा हप्ता, उचल, कॅन्टीन धरून एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त नसावी, असं वेतन संहिता (प्रश्न १९ मधल्या चारपैकी एक) सांगते. तुमच्या खात्यातून बँक जो ईएमआय परस्पर घेते, तो मात्र या हिशोबात येत नाही.

२१. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. माझा हिशोब वेगळा असतो का?

हो. सीटीसी हा प्रकारच नाही, शालार्थ किंवा सेवार्थ या सरकारी पगार प्रणालींच्या स्लिपवरचा एकूण पगार हाच ग्रॉस. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांपैकी जे राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहेत, त्यांचे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कापतात. सरकार १४ टक्के घालतं. दोन्ही मिळून ७०,००० असतील तर तुमचे ७,००० जातात. त्याआधीचे भविष्य निर्वाह निधीत असतात आणि तिथली रक्कम काही प्रमाणात स्वतः ठरवता येते. प्रोफेशनल टॅक्स सगळ्यांना आहे, तोही प्रश्न ८ प्रमाणेच.

महागाई भत्त्याची जुनी थकबाकी एकदम मिळाली की त्या वर्षी कर फुगतो. ती मागच्या वर्षांत विभागून सवलत घेता येते, पण विवरणपत्राआधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो. तो राहिला की सवलत नाकारल्याची नोटीस येते.

२२. कंपनी म्हणते "कन्सल्टंट म्हणून ये, फक्त दहा टक्के कापू." फायदा आहे का?

हातातला आकडा मोठा दिसतो, कारण पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, भरपगारी रजा यांपैकी काहीच नसतं. ते दहा टक्के म्हणजे टीडीएस, तुमचा अंतिम कर नव्हे. वर्षअखेरीस हिशोब करून उरलेला भरायचा किंवा जास्तीचा परत घ्यायचा. ७५,००० ची प्रमाणित वजावट नाही. प्रोफेशनल टॅक्सचे २,५०० स्वतः नोंदणी करून भरायचे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी.

दुसऱ्या बाजूला, अभियांत्रिकी किंवा तांत्रिक सल्ल्यासारख्या ठरावीक व्यवसायांना निम्मी मिळकतच उत्पन्न धरून कर भरण्याची सोय आहे, त्यामुळे करात मोठी बचत होऊ शकते. मात्र रोज ठरलेल्या वेळी येऊन एकाच साहेबाच्या हाताखाली काम करायचं आणि नाव कन्सल्टंट, हे नोकरीच असल्याचं आयकर खातं म्हणू शकतं. माझा ठोकताळा असा: याच कामाच्या नोकरीतल्या सीटीसीपेक्षा निदान तीस टक्के जास्त मिळत नसतील तर नाही म्हणा.

२३. नोकरी सोडली. शेवटच्या हिशोबात जॉइनिंग बोनस पूर्ण परत मागतात, पण मला तर कर कापून मिळाला होता!

हा सगळ्यात चिडवणारा प्रकार. एक लाखाचा बोनस, कर कापून ८४,४०० मिळाले, आणि वर्षाच्या आत सोडलं म्हणून एक लाख परत. त्याच आर्थिक वर्षात परत केलात तर कंपनी तो पगारातून वजा दाखवून टीडीएस नव्याने मांडू शकते. तसं लेखी मागा. वर्ष उलटलं की गुंता होतो, कारण आधीच्या वर्षाचा फॉर्म १६ (पगार आणि टीडीएसचा दाखला) निघून गेलेला असतो. म्हणून ऑफर घेतानाच "परतफेड कर वजा जाता मिळालेल्या रकमेची" असं लिहून घ्यायचा प्रयत्न करा. काही कंपन्या मान्य करतात.

नोटीस कालावधी न भरल्याची वसुलीही अशीच शेवटच्या पगारातून होते. न वापरलेल्या रजेचे पैसे मात्र नोकरी सोडताना मिळाले तर खासगी कर्मचाऱ्याला ठरलेल्या सूत्राने, आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत करमुक्त असतात. नोकरीत असतानाच रजा विकली तर पूर्ण कर. वेतन संहितेत हा शेवटचा हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायला सांगितलं आहे. "आमच्याकडे ४५ दिवस लागतात" असं उत्तर आलं तर ही तरतूद ईमेलमध्ये नमूद करून विचारा.